त्याच्या नावाचा सांड

दादाच्या, माझ्या मोठ्या भावाच्या, तेरवीला भावकीने त्याच्या नावाने सांड सोडला. भंडारा जिल्ह्यात करडीच्या बाजूचं आमचं गाव धानाचं, म्हणजे भाताचं, आणि तिथे कित्येक वर्षांत कुणी सांड सोडला नव्हता. म्हाताऱ्यांना विधी आठवत होता, बाकीच्यांनी नुसता ऐकला होता. गेलेल्या माणसाच्या नावाने एक निर्दोष गोऱ्हा निवडायचा, त्याच्या मांडीवर तापल्या लोखंडाने त्रिशूळाचा डाग द्यायचा, हळदकुंकू लावायचं आणि घरच्या माणसाने त्याच्या गळ्यातलं दावं काढून घ्यायचं. दावं निघालं की तो कुणाचाच राहत नाही. त्याला जुंपायचं नाही, विकायचं नाही, बांधायचं नाही. गेलेला माणूस त्याच्या पायांनी हिंडतो, असं म्हणतात.

गोऱ्हा शोधायला कुठे जावं लागलं नाही. दादाच्या गुरांच्या कोठ्यातच तो होता. अंगाने पांढरा, मानेवर आणि वशिंडावर नुकती राखाडी झाक येऊ लागलेला. दादाने त्याला बडवू दिलं नव्हतं, म्हणजे खच्ची करू दिलं नव्हतं. "याले बडवाचा नाही" हे त्याचं वाक्य गावात सगळ्यांना पाठ होतं. त्यामुळे काका जेव्हा म्हणाले, "त्याच्या मनात हेच होतं. त्यानं आपल्या हातानंच ठेवून देल्ला," तेव्हा ते सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. दादाला मूल नव्हतं. अग्नी काकांच्या मुलाने दिला होता. आपल्यामागे काहीतरी हिंडतं-फिरतं राहावं असं त्याला वाटलं असणार, हे अशा दिवसांत कुणालाही खरं वाटेल.

दावं वहिनीने काढलं. डाग दिल्यावर जळक्या केसांचा वास अंगणभर पसरला होता आणि गोऱ्हा थरथरत होता. वहिनीने गाठ सोडायला हात नेला. ती सुटेना. कुणीतरी विळा पुढे केला. तिने नको म्हटलं आणि बोटांनीच गाठ सोडली. दावं निघाल्यावरही तो जागचा हलला नाही. काकांनी पाठीवर थाप मारली तेव्हा चार पावलं गेला आणि मागे वळून वहिनीकडे पाहत उभा राहिला. बायका रडल्या. मी रडले नाही. मला वाटत होतं, हे दादाच्या मनासारखं झालं.

तसं ते झालं नव्हतं.

वहिनीचं माहेर आर्वीकडचं, वर्धा जिल्ह्यातलं. लग्नात तिच्या वडिलांनी आंदण म्हणून एक कालवड दिली होती. आमच्या गावाने त्या कालवडीला पोटभर हसून घेतलं. इकडे धानाच्या बांध्यांतल्या चिखलात हल्ले चालायचे, म्हणजे रेडे. जड, काळे, पोटापर्यंत गाळात उतरले तरी न डगमगणारे. त्यांच्या शेजारी ही लांब तोंडाची, बारीक पायांची पांढरी पोर. "हे हरीन कायले आनलं गा?" लोक दादाला विचारत. "बांधीत उतरवशीन तं पाय काढाले मानसं बलवा लागतीन." दादा नुकता लग्न झालेला, त्यात सासऱ्याची भेट, तो काय बोलणार. एवढंच म्हणायचा, "तिले चिखलात नाही उतरवाचं. तिच्या पोरायले बंडीले जुंपाचं. मंग पाहा."

आणि लोकांनी पाहिलं. तिच्या पोटच्या दोन गोऱ्ह्यांची जोडी झाली तेव्हा दादाची बंडी, म्हणजे बैलगाडी, बाजाराच्या रस्त्यावर सगळ्यांच्या पुढे असे. ते बैल चालत नसत, दुडकत. दूर जायचं असलं की लोक आदल्या दिवशी येऊन बसत, "जोडी देता का गा उद्या?" हसणारेही त्यात होते.

त्या जातीचं नाव गवळाऊ. मला गाईंमधलं काही कळत नव्हतं. मी पुस्तकात डोकं घालून बसणारी, पुढे लग्न होऊन जवाहरनगरला फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये गेले आणि तिथल्या एका शाळेत शिकवू लागले. सुट्टीत आले की दादा मला कोठ्यात नेऊन परीक्षा घ्यायचा. कपाळ पाहा, म्हणायचा, मधून जरासं फुगीर दिसतं का? तोंड लांब आणि निमुळतं. डोळा बदामासारखा, थोडा तिरपा. शिंगं आखूड, टोकाला बोथट, मागे झुकलेली. गळ्याची पोळी मोठी, पण खाली बेंबीकडे लोंबणारं फार नाही. शेपूट आखूड, झुपका काळा. मग तो मला एखाद्या शेजाऱ्याची पांढरी गाय दाखवून विचारायचा, "हे गवळाऊ आहे का?" मी हो म्हटलं की खूश व्हायचा. "पांढरं दिसलं का गवळाऊ म्हनते हे मास्तरीन. रंग तं बगळ्याचाही पांढराच असते."

त्याला उत्तर द्यायचं म्हणून मी वाचनालयात बसून शोधलं. जे सापडलं ते असं: सातपुड्याच्या दक्षिण उतारावर, वर्धा-नागपूरपासून छिंदवाडा, शिवनी, बालाघाटपर्यंत गुरं घेऊन हिंडणाऱ्या गवळ्यांनी ही जात जोपासली, नावही त्यांच्यावरूनच पडलं. भोसल्यांच्या काळात फौजेला मागे न पडणारा बैल हवा होता. तोफखान्याचा जड बैल नव्हे, तर दाणागोटा आणि तंबू घेऊन घोड्यांच्या मागोमाग पळू शकणारा. तसे गोऱ्हे निवडत गेले आणि जात हलकी, चपळ होत गेली. दक्षिणेकडच्या ओंगोल गुरांशी तिचं तोंडवळ्याचं साम्य आहे, पण ती त्यांच्यातून निघाली की ती त्यांची मूळ, यावर एकमत नाही. मी हे सगळं दादाला नीट सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "म्हनजे तुमच्या पुस्तकाले बी मालूम नाही," तो म्हणाला. मग जरा विचार करून, "गाय चारा पाहत आली असंन. मानूस तिच्या मांगं मांगं आला असंन. नाव मात्र मानसाचं पडलं."

पुस्तकांत या जातीला दुहेरी उपयोगाची म्हणतात. गाय घरापुरतं दूध देते आणि गोऱ्हा कामाला येतो. दोन्हींतल्या कशातच ती पहिली नाही, पण एका घराला दोन्ही पुरतं. दादाला हे वर्णन आवडायचं. त्याने आयुष्यभर एकाच गावात घरापुरतीच शेती केली, आणि मला वाटतं, हे पुरणं त्याला समजत होतं. पण चिखलणी ट्रॅक्टरवर गेली, बंडीची जागा मोटरसायकलने आणि टेम्पोने घेतली, आणि दूध डेअरीवर मोजून जाऊ लागलं तेव्हा लोकांनी जर्सीच्या संकरित गाई बांधल्या. जी दोन्ही कामांची होती ती आता दोन्हीकडून उणी ठरली. दादाने बैल विकले नाहीत, ते कोठ्यातच म्हातारे होऊन गेले. शेवटी आंदणाच्या कालवडीची नात तेवढी उरली आणि तिचा हा गोऱ्हा. त्या गाईला कालवड झालीच नाही. गोऱ्हे तीन झाले. आधीचे दोन दगावले, हा राहिला.

तेरवीनंतर वहिनीचा धाकटा भाऊ काही दिवस थांबला होता. सांड सोडला तेव्हा तो अंगणाच्या कडेला उभा होता, एक शब्द बोलला नाही. परत जाताना त्याला करडीपर्यंत सोडायला मी निघाले, तेव्हा वाटेत त्याने सांगितलं. दादाचं आणि त्याचं गेल्या दिवाळीपासून बोलणं चाललं होतं. हा गोऱ्हा आर्वीकडे न्यायचा आणि तिकडचा एक, दुसऱ्या रक्ताचा, इकडे आणायचा. मुलाने आईला लागू नये म्हणून. तिकडे अजून गवळाऊ गाई आहेत, पण गोऱ्हे लोक लहानपणीच विकून टाकतात, चांगला वळू राहत नाही. या गोऱ्ह्याचं कपाळ आणि चाल पाहून त्याने आधीच दोघा-तिघांना शब्द दिला होता.

"मग बोलला काहून नाहीत?" मी विचारलं.

"तेरवीत पाहुन्यानं बोलाचं?" तो म्हणाला. "तुमचे काका म्हनत होते त्यायच्या मनात हेच होतं. मी कोन म्हननार, नव्हतं म्हनून. अन् ताईचा चेहरा पाह्यला ना तुम्ही."

मी पाहिला होता. दावं हातात घेऊन ती उभी होती तेव्हा त्या दिवसांत पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर थोडं काही शांत दिसलं होतं.

मी घरी येऊन वहिनीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. "मालूम आहे," ती म्हणाली. "फोनवर बोलत ते माह्यासमोरच. मले वाटलं, त्यायचा बेत त्यायच्यासंग गेला. मामाजी म्हनत होते तेच बरं वाटलं." इकडे सुनेने सासऱ्याला आणि चुलतसासऱ्याला मामाजी म्हणायचं असतं, तिचे मामाजी म्हणजे आमचे काका. घरात आता तेच वडीलधारे.

चूक कुणाची म्हणायची. सांड सोडण्याची रीत वाईट नव्हती. पूर्वी सगळी गुरं सकाळी गावच्या आखरावर जमत, गायकी, म्हणजे गावचा गुराखी, त्यांना रानात नेत असे, आणि सोडलेला सांड त्या कळपाबरोबर राही. उत्तम गोऱ्हाच सोडायचा हा नियम त्यासाठीच असणार. एका माणसाच्या मरणातून सगळ्या गावाच्या गाईंची सोय होत असे. आता आमच्या गावात आखराच्या जागेवर पाण्याची टाकी आहे. गायकी कधीच बंद झाला. गाई घरोघरी बांधलेल्या, डॉक्टर येऊन इंजेक्शनवर गाभण करतात. आम्ही रीत होती तशी पाळली, पण ज्यात ती बसत होती ते काहीच उरलं नव्हतं. सांडाला कळप नव्हता. त्याच्याकडे गाय घेऊन येणारं कुणी नव्हतं. आणि रानही नव्हतं, कारण तलावाच्या पाण्यावर उन्हाळी धान उभं होतं.

सुरुवातीला तो कुठे गेलाच नाही. संध्याकाळी दाराशी येऊन उभा राही. वहिनी कोठ्यात त्याच्यापुढे धानाचं तणस टाकायची, बांधायची नाही. सकाळी उठून तो जायचा. लोक त्याला भाऊ म्हणू लागले, दादाला गावात सगळे भाऊ म्हणत तसंच. "भाऊ आज शाळेपाशी बसले होते, पोरं हात लावून गेले." "भाऊनं माह्या दुकानासमोरचं केळीचं खोकं रिकामं केलं जी, पन काही बोललो नाही मी. उधारीवर लिहून टाकलं." वहिनी हे ऐकून पदराआड हसायची. मला ते बरं वाटायचं. दादा गेल्यावर त्या घरात कुणी हसेल असं मला वाटलं नव्हतं.

पावसाळ्यात ते पालटलं. मृगानंतर लोकांनी धानाचे परे टाकले, म्हणजे रोवणीसाठीची रोपं. परे एका कोपऱ्यात दाट, हिरवेगार उभे असतात आणि सगळ्या वर्षाचं धान त्या कोपऱ्यात असतं. एका जनावराने अर्धा तास तोंड घातलं तर रोवणीला रोप उरत नाही. सांडाने एकाचे परे खाल्ले, मग दुसऱ्याचे. काठी घेऊन हाकलावं तर तो हाकलला जात नसे. माणसांत वाढलेला, भीती ठाऊक नाही, वर त्याच्या मांडीवर त्रिशूळ. लोक हात जोडत आणि शिव्या देत.

शेजारची बाई कुंपणावरून म्हणाली, "काय वो, तुमचे मालक आले होते काल बांधीत. जिते होते तेव्हा धुऱ्यावरून बी जात नोहोते बिचारे, आता मधातूनच जाऊन राहिले."

दुसऱ्या दिवशी वहिनीने आपल्या पऱ्यांतली रोपं त्या बाईकडे पाठवली. पण किती जणांना पाठवणार. दुकानासमोर आता वेगळ्या आवाजात भाऊ म्हणत. कुणीतरी म्हणालं, भाऊची हौस मोठी, खर्च गावाचा. मी एका रविवारी तिथून जात होते तेव्हा दोघे जण बोलत होते, रात्री ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून नागझिऱ्याच्या जंगलाकडे सोडून देऊ, वाघ पाहून घेईल. मला पाहून ते थांबले. एक म्हणाला, "नाही जी बाई, असंच. गंमत चालू आहे."

मी काकांना जाऊन विचारलं, याला आता बांधलं तर? काका पायरीवर बसले होते. "सोडलेल्या सांडाले दावं लावलं म्हनजे मेलेल्याले बांधलं," ते म्हणाले. "तुह्या भावाले बांधतं का?"

"कोठ्याचं दार लावून घेतलं तर?"

"दार लावलं म्हनजे बांधलंच."

काका कठोर नव्हते. दादा इस्पितळात होता तेव्हा ते रोज बसने भंडाऱ्याला येत आणि बाहेरच्या बाकावर बसून राहत. ते मानत होते ते खरोखर मानत होते. मीही थोडं मानत होते, हे इथे लिहायला हवं. मी शिकलेली आहे, शाळेत विज्ञानाच्या तासाला मुलांना अंधश्रद्धा समजावते. पण तो सांड संध्याकाळी बोडीच्या पाळीवरून, म्हणजे तळ्याच्या बांधावरून, यायचा तेव्हा मी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहायचे ती जनावराकडे पाहण्याची नव्हती.

पोळ्याला कुणीतरी त्याच्या शिंगांना सोनेरी बेगड लावली. पूजेला आता गावात बैलांच्या जोड्या फार थोड्या निघतात; लोकांना तो हवा होता. त्यानंतर काही दिवसांनी तो वहिनीच्या दाराशी आला तेव्हा बेगड शिंगाला तशीच होती आणि मागच्या पायावर, मांडीपासून खाली, कुऱ्हाडीचा घाव होता. वहिनीने फोन केला. मी शाळेतून अर्धी रजा घेऊन गेले. तिने हळद आणि तेल भरलं होतं, पण माशा बसत होत्या आणि मांस उघडं दिसत होतं. कुणी केलं हे तिने विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही.

गुरांचे डॉक्टर आले, लांबूनच पाहिलं. "टाके घालावे लागतील," ते म्हणाले. "बांधून, पाडून. मोकळ्या वळूला मी हात लावणार नाही."

"बांधता नाही येत जी त्याले," वहिनी म्हणाली.

"मग पुढचा घाव मानेवर बसेल. मला बोलवू नका."

त्या संध्याकाळी वहिनीच्या भावाचा फोन आला. मी त्याला कळवलं होतं. तो म्हणाला, गाडी घेऊन येतो, ताईला विचारा. वहिनी फोनजवळ आलीच नाही. ती कोठ्यात गाईपाशी जाऊन बसली. म्हातारी गाय रवंथ करत होती, सांड दाराशी तीन पायांवर उभा होता, आणि दोघांच्या मधे वहिनी. एकीकडे तिच्या बापाने दिलेल्या कालवडीचं शेवटचं रक्त होतं, आणि दुसरीकडे नवऱ्याच्या नावाचं मोकळेपण. दोन्ही त्या एकाच जनावरात होतं. बांधला तर एक जात होतं, न बांधला तर दोन्ही.

भावकीतली एक चुलतजाऊ आली होती. तिने तोड काढली. "दावं नको लावू ना वो. तुह्या लुगड्याचा पदर फाड, तो बांध गळ्यात. बायकोनं नवऱ्याले पदरानं धरलं तं दोष नाही लागत. मामाजीले बी काही म्हनता येनार नाही."

मला ते फार चांगलं वाटलं. मी वहिनीकडे पाहिलं. ती हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं.

"लुगडं म्हनून बांधलं का दावं म्हनून बांधलं, बांधलंच ना," ती म्हणाली. "देवाले फसवावं, त्यायले कायले फसवू? मी त्यायले कधी फसवलं नाही."

सकाळी तिने खुंटीवरचं दावं काढलं. तेच, तेरवीला काढलेलं. टोपल्यात सरकीची ढेप भिजवली आणि अंगणात ठेवली. सांड लंगडत आला. वहिनीने त्याच्या मानेखालून हात नेला, दावं फिरवलं आणि गाठ मारली. मला वाटलं होतं तो उसळेल. इतके महिने मोकळा हिंडलेला, अंगावर जखम. त्याने मानही हलवली नाही. तो ढेप खात राहिला. वहिनीचा हात गाठीवरच राहिला, बराच वेळ. काका गल्लीच्या तोंडाशी उभे होते. त्यांनी पाहिलं आणि ते वळून गेले.

डॉक्टरांनी टाके घातले. जखम धरल्यावर वहिनीचा भाऊ गाडी घेऊन आला, आणि आम्ही दोघी ड्रायव्हरशेजारी बसून त्याच्याबरोबर निघालो, कारण हल्ली गाडीत जनावर दिसलं की रस्त्यात अडवतात. डॉक्टरांचा दाखला होता, पण वहिनी म्हणाली, कागदापेक्षा बाईमानूस बरं. तिचा भाऊ मागे सांडाजवळ उभा राहिला. वैनगंगेच्या पुलावरून जाताना सांड घाबरून एकदा ओरडला. वहिनीने मागच्या काचेवर हात ठेवला.

शहापूरजवळ हायवेवर चहाच्या टपरीपाशी पोरांनी गाडी अडवली. पाचसहा जण, गळ्यात गमछे. दोघे मागे चढले. मग त्यांच्यातला एक एकदम खाली वाकला. त्याला मांडीवरचा डाग दिसला होता. त्याने त्या त्रिशूळाला हात लावून कपाळाला लावला आणि उतरून आमच्या खिडकीशी आला.

"सोडलेला आहे ना हा काकू?"

"हो."

"मग बांधला काहून? पाप आहे ना."

वहिनी गाडीतून उतरली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "माह्या नवऱ्याच्या नावाचा आहे. मीनंच सोडला, मीनंच बांधला. तुमच्या गावात ठेवता का? ठेवत असान तं इथंच सोडतो. कोनाचे परे खाल्ले, धान खाल्लं तं कुऱ्हाड नाही मारनार, एवढं सांगा."

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. रस्त्याच्या दोन्ही अंगाला धान निसवत होतं. त्या पोराने एकदा त्या धानाकडे पाहिलं.

"नाही काकू," तो म्हणाला. "जा तुम्ही."

त्यांच्यातल्या एकाने मागे जाऊन सांडाच्या पुढ्यात केळी ठेवली. गाडी निघाली.

आर्वीच्या पुढे तिच्या माहेरच्या गावी डोंगराचा उतार सुरू होतो, आणि तिथे अजून गुरं रानात जातात. आम्ही पोचलो तेव्हा कळप परत येत होता. मी दादाने शिकवल्याप्रमाणे गाईंकडे पाहिलं. कपाळं, शिंगं, शेपटीचे झुपके. सगळ्याच खऱ्या नव्हत्या, पण होत्या काही. लांब तोंडाच्या, हलक्या पायांच्या. सांडाने नाक वर करून हुंगलं आणि गाडीची फळी पायाने वाजवली. वहिनीचे वडील आता नाहीत. असते तर काय म्हणाले असते, हे मी मनात आणून पाहिलं आणि सोडून दिलं.

"दिवसा कळपासंग जाईन," तिचा भाऊ म्हणाला. "सांजच्याले मात्र बांधावं लागंन ताई. इकडे कपाशी आहे, तूर आहे. लोक इकडचे बी तसेच आहेत."

"बांध," वहिनी म्हणाली.

"पहिली कालवड तुले पाठवतो."

"पाहू. म्हातारी तोपर्यंत राह्यली पाह्यजे."

दुसऱ्या दिवशी आम्ही बसने परत आलो. काका आता वहिनीच्या घरी पाणी पीत नाहीत. वाटेत भेटले तर तिची विचारपूस करतात, धान कसं आहे विचारतात, पण उंबरा चढत नाहीत. दादाच्या बरसीला, वर्षश्राद्धाला, येणार नाही असं त्यांनी मुलाजवळ सांगितलं आहे. वहिनीने त्यांना समजवायचा प्रयत्न केला नाही आणि मलाही करू दिला नाही. "त्यायचं खरं आहे," ती म्हणते. "पन सांड जिता आहे." एकदाच, भाताचं पाणी काढता काढता, ती म्हणाली, "इतके महिने वाटत होतं, कुठंतरी हिंडून राहिले असतीन."

तिकडून फोन येतो. जखम भरली, चाल परत आली. दोन गाई लागल्या आहेत, गाभण राहिल्या की नाही हे कळायला वेळ आहे. वहिनी हे सगळं ऐकून घेते आणि कालवडीबद्दल कधी विचारत नाही.

मी रविवारी जाते. दिवस कलला की ती हातातलं काम टाकते, कोठ्यात जाऊन म्हाताऱ्या गाईच्या पाठीवर हात ठेवून उभी राहते आणि काही वेळाने परत येऊन चूल पेटवते. आर्वीकडे त्याच सुमाराला कळप परत येतो आणि तिचा भाऊ दावं घेऊन अंगणात जातो. क्वार्टरमध्ये असले की फॅक्टरीच्या बसेस परत येण्याची ती वेळ असते. मी वह्या तपासत असते, आणि लाल पेन थोडा वेळ खाली ठेवते.